समकालिक दुभाषी

वक्ता एका भाषेत बोलत असताना, त्याला न थांबवता, त्याचे म्हणणे त्याच वेळी दुसऱ्या भाषेत बोलून दाखवणे म्हणजे समकालिक भाषांतर. हे काम करणारा दुभाषी सभागृहाच्या मागे किंवा कडेला, काच लावलेल्या आणि आवाज अडवणाऱ्या छोट्या खोलीत बसतो. या खोलीला बूथ म्हणतात. कानाला हेडफोन, समोर मायक्रोफोन, आवाज कमी-जास्त करण्याची कळ आणि खोकला आला तर माइक क्षणभर बंद करणारे बटण, एवढीच त्याची सामग्री. वक्त्याच्या मागे तो साधारण दोन ते चार सेकंदांच्या अंतराने चालत असतो. ऐकलेले वाक्य तो बोलत असतो तेव्हा पुढचे वाक्य त्याच्या कानावर पडत असते. हा ताण फार वेळ पेलवत नाही, म्हणून एका बूथमध्ये निदान दोघे बसतात आणि दर वीस ते तीस मिनिटांनी माइक एकमेकांकडे देतात.

याहून जुना प्रकार क्रमवार दुभाषीकामाचा. त्यात वक्ता काही वाक्ये बोलून थांबतो, मग दुभाषी बोलतो. १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी रायगडावर आलेल्या हेन्री ऑक्झिंडेन या इंग्रज वकिलाबरोबर नारायण शेणवी होता, तो याच परंपरेतला. गोव्यात पोर्तुगीज सरकारने तर राज्याचा दुभाषी असे पदच ठेवले होते. तिसरा प्रकार कुजबुजीचा: एक-दोन पाहुण्यांच्या मागे बसून हळू आवाजात भाषांतर करत राहायचे. कौशल्य समकालिकच, पण बूथ नाही आणि आसपासचा गोंगाट मात्र पुरेपूर.

समकालिक पद्धत वयाने शंभरीच्या आसपास आहे. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ च्या पॅरिस शांतता परिषदेत इंग्रजी आणि फ्रेंच या दोन भाषांत काम चालले आणि पॉल मांतू यांच्यासारख्या दुभाष्यांनी क्रमवार पद्धतीने ते पार पाडले. प्रत्येक भाषण दोनदा ऐकायचे म्हणजे वेळ दुप्पट. भाषा वाढल्या की हा हिशेब कोलमडणार, हे उघड होते. बोस्टनचे व्यापारी एडवर्ड फायलीन आणि अभियंता गॉर्डन फिन्ले यांनी १९२० च्या दशकात टेलिफोनची यंत्रणा वापरून बोलणे आणि भाषांतर एकाच वेळी चालवण्याची योजना मांडली, आणि जिनिव्हात आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या बैठकांमध्ये तिचे प्रयोग झाले. पुढे आयबीएम कंपनीने ही यंत्रणा हाती घेतली.

तिची खरी कसोटी लागली न्युरेंबर्गला. २० नोव्हेंबर १९४५ रोजी नाझी नेत्यांवरचा खटला सुरू झाला. न्यायाधीश आणि फिर्यादी पक्षाचे वकील इंग्रजी, फ्रेंच आणि रशियन बोलणारे, आरोपी जर्मन. क्रमवार पद्धतीने खटला चालवला असता तर तो वर्षानुवर्षे संपला नसता. अमेरिकी सैन्यातले कर्नल लिऑन दोस्तेर यांनी ही व्यवस्था बसवली. माणसे निवडताना त्यांच्या लोकांना एक गोष्ट लवकर कळली: भाषेचे नावाजलेले पंडित या चाचणीत सर्रास नापास होत होते. एकेका शब्दासाठी अडून बसणारा, नेमका प्रतिशब्द शोधत राहणारा माणूस बूथच्या कामाचा नसतो. आहे त्या शब्दांत अर्थ पुढे नेणारा आणि गोंधळातही आवाज स्थिर ठेवणारा माणूस टिकला.

एकूण छत्तीस दुभाष्यांच्या, बारा-बारा जणांच्या तीन तुकड्या केल्या होत्या. कोर्टात चार टेबले, प्रत्येक टेबलावर तिघे, आणि एका टेबलावरून एकाच भाषेत बोलायचे. इंग्रजी टेबलावरचा एक जण जर्मनमधून, दुसरा फ्रेंचमधून, तिसरा रशियनमधून इंग्रजीत आणत असे. एका तुकडीची पाळी पंच्याऐंशी मिनिटांची. ती काम करत असताना दुसरी बाजूच्या खोलीत खटला ऐकत बसे, म्हणजे पाळी बदलली तरी संदर्भ तुटत नसे. तिसऱ्या तुकडीला त्या दिवशी सुट्टी. श्रोत्यांच्या खुर्चीजवळच्या कळीवर पाच वाहिन्या होत्या, एक मूळ आवाजाची आणि चार भाषांच्या. बोलणारा घाईत असला की पिवळा दिवा लागे, अडचण आली की लाल. लाल दिवा लागला की साऱ्या कोर्टाला थांबावे लागे. आज बूथ चारही बाजूंनी आणि वरूनही बंद असतो. न्युरेंबर्गला काचेचा आडोसा वरून उघडा होता आणि छळछावण्यांच्या साक्षी भाषांतरित करणारी माणसे आरोपींपासून हाकेच्या अंतरावर बसलेली होती. त्यांच्यातल्या काहींचे स्वतःचे नातलग त्या छावण्यांत मेले होते. साक्षीदाराचे शब्द ‘मी’ म्हणून, प्रथमपुरुषात बोलायचे असल्यामुळे दुभाष्याला कधी बळीच्या तोंडून तर कधी मारेकऱ्याच्या तोंडून बोलावे लागे. १ ऑक्टोबर १९४६ रोजी खटल्याच्या निकालाचे वाचन संपले, तोवर समकालिक भाषांतर शक्य आहे की नाही हा वादच उरला नव्हता.

दोस्तेर तिथून नव्याने स्थापन झालेल्या संयुक्त राष्ट्रांकडे गेले. तिथले क्रमवार पद्धतीचे मुरब्बी दुभाषी नव्या मंडळींना टेलिफोनवाले म्हणून हिणवत. तरीही नोव्हेंबर १९४७ मध्ये आमसभेने समकालिक सेवा कायमची ठेवण्याचा ठराव केला. १९५३ मध्ये पॅरिसला परिषद-दुभाष्यांची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. कामाचे तास, बूथमधली माणसे आणि गुप्ततेचे नियम यांचा आजचा शिरस्ता बव्हंशी तिनेच घालून दिला.

बूथमध्ये नेमके काय घडते, हे समजून घेतल्याशिवाय या व्यवसायाची निवड करू नये. समजा, सभागृहात मराठीतून बोलणारा सदस्य म्हणतो: ‘आमच्या तालुक्यातल्या ज्या शेतकऱ्यांची पावणेतीन हजार हेक्टर जमीन धरणाखाली गेली, त्यांना आजवर पर्यायी जमीन मिळालेली नाही.’ इंग्रजी वाक्यात क्रियापद कर्त्यापाठोपाठ लागते. मराठीत ते शेवटी येते, आणि त्याच्याही मागून ‘नाही’ येते. दुभाषी ‘नाही’ची वाट पाहत थांबला तर तोवर पुढचे वाक्य सुरू झालेले असते. आधीच ‘मिळाली’ म्हणून बसला तर नंतर माघार घ्यावी लागते. अनुभवी माणूस वाक्याचे तुकडे करतो. ‘आमच्या तालुक्यात इतके हेक्टर धरणाखाली गेले’ हे पहिले स्वतंत्र वाक्य करून तो मोकळा होतो. ‘आजवर’ हा शब्द कानावर पडताच पुढे नकार येणार याचा अंदाज त्याला येतो, कारण मराठीत तक्रारीच्या सुरात ‘आजवर’ म्हणणारा बहुधा ‘नाही’वरच थांबतो. असा अंदाज बांधणे हे या कामाचे हृदय आहे, आणि ते भाषेइतकेच विषयाच्या जाणकारीवर चालते. धरणग्रस्तांचा प्रश्न ज्याला ठाऊक आहे, त्याला वाक्याचा शेवट आधीच दिसतो. जर्मनमध्येही गौण वाक्यात क्रियापद शेवटी जाते. न्युरेंबर्गच्या दुभाष्यांची मोठी अडचण हीच होती. उलट जपानी वाक्य मराठीसारखेच क्रियापदावर संपते, त्यामुळे जपानीतून मराठीत येताना शब्दांचा क्रम पुष्कळसा तसाच ठेवता येतो. मराठी दुभाष्याची ही मोठी सोय आहे.

आकड्यांची गोष्ट वेगळी आहे. वाक्याचा अर्थ लक्षात राहतो, पण आकड्याला अर्थाचा आधार नसतो. तो ऐकला तसा धरून ठेवावा लागतो. त्यात ‘पावणेतीन’ म्हटले की पाव वजा करायचा, ‘अडीच’, ‘दीड’, ‘सव्वा’ यांचे अपूर्णांक ओळखायचे, ‘त्रेपन्न’मध्ये एकं आधी आणि दहं नंतर येते ते फिरवायचे, आणि आंतरराष्ट्रीय श्रोत्यांसाठी लाख-कोटींचे मिलियन-बिलियन करायचे. पावणेतीन कोटी म्हणजे साडेसत्तावीस मिलियन, एक लाख कोटी म्हणजे एक ट्रिलियन. अर्थसंकल्पावरच्या चर्चेत असे दहा आकडे एका मिनिटात येतात. म्हणून ज्याची पाळी नाही तो सहकारी कागद पुढे ओढून आकडे आणि नावे लिहीत जातो. बोलणारा तिरप्या नजरेने ते पाहतो. बूथमधला जोडीदार हा विश्रांती घेणारा माणूस नसतो, आणि चांगल्या जोडीची ओळख इथेच पटते.

फ्रेंच संशोधक दानिएल जील यांनी या कामाची मांडणी श्रमांच्या रूपात केली आहे. ऐकणे आणि समजणे, ऐकलेले थोडा वेळ लक्षात ठेवणे, बोलणे, आणि या तिन्हींचा मेळ घालणे, असे हे चार श्रम. मेंदूची एकूण ताकद ठरलेली असते. एका श्रमाने जास्त वाटा घेतला की दुसऱ्याला कमी पडतो. यातून एक विलक्षण गोष्ट समजते: अवघड वाक्य दुभाषी नीट पार पाडतो आणि त्यानंतरचे अगदी सोपे वाक्य त्याच्या हातून निसटते, कारण सगळी ताकद आधीच्या वाक्यात खर्च झालेली असते. भाषा चांगली येत असूनही चूक का झाली, याचे उत्तर नवशिक्याला इथे मिळते.

या व्यवसायात भाषांची वर्गवारी तीन अक्षरांनी होते. ए म्हणजे मातृभाषा किंवा तिच्या तोडीची भाषा, बी म्हणजे मातृभाषा नसूनही जिच्यात सफाईने बोलता येते ती, सी म्हणजे जी पूर्ण समजते पण जिच्यात दुभाषी भाषांतर बोलत नाही ती. संयुक्त राष्ट्रांत इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश आणि रशियन बूथमध्ये दोघे-दोघे असतात आणि ते आपल्या ए भाषेतच बोलतात. अरबी आणि चिनी बूथमध्ये तिघे असतात, कारण त्यांना दोन्ही दिशांनी काम करावे लागते. एका बैठकीला अशी चौदा माणसे लागतात. युरोपीय संघाच्या २४ अधिकृत भाषा आहेत, म्हणजे भाषांतराच्या ५५२ दिशा. प्रत्येक दिशेसाठी माणूस ठेवणे शक्य नसते, म्हणून एका बूथचे भाषांतर ऐकून दुसरा बूथ आपले भाषांतर करतो. एस्टोनियनचे इंग्रजी, इंग्रजीचे पोर्तुगीज, असा हा टप्प्याटप्प्याचा प्रवास. मधल्या दुभाष्यावरची जबाबदारी त्यामुळे कितीतरी वाढते. संयुक्त राष्ट्रांच्या सहा भाषांबाहेर कोणी बोलणार असेल तर आमसभेच्या नियमाप्रमाणे त्याच्या देशाने एका अधिकृत भाषेतल्या भाषांतराची सोय स्वतः करायची असते. ४ ऑक्टोबर १९७७ रोजी परराष्ट्रमंत्री अटलबिहारी वाजपेयी तिथे हिंदीत बोलले, ते याच तरतुदीखाली.

भारतात या कामाचे सर्वांत मोठे ठिकाण संसद आहे. राज्यघटनेच्या १२० व्या कलमानुसार संसदेचे कामकाज हिंदी किंवा इंग्रजीत चालते, मात्र या दोन भाषांत म्हणणे नीट मांडता न येणाऱ्या सदस्याला मातृभाषेत बोलण्याची परवानगी पीठासीन अधिकारी देऊ शकतात. लोकसभेत समकालिक भाषांतराची सोय १९६४ मध्ये हिंदी आणि इंग्रजीपासून सुरू झाली आणि पुढे मराठीसह इतर भाषांपर्यंत वाढली. राज्यसभेत जुलै २०१८ मध्ये डोगरी, काश्मिरी, कोकणी, संथाली आणि सिंधी यांची भर पडून आठव्या अनुसूचीतल्या सर्व २२ भाषा पूर्ण झाल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये लोकसभेच्या अध्यक्षांनी आणखी सहा भाषांची घोषणा केली. संसदेतल्या दुभाष्याला प्रश्नोत्तरांचा धडाका, एकाच वेळी उठणारे आवाज, शेरोशायरी आणि कायद्याची कलमे हे सगळे एकाच दिवसात झेलावे लागते. मराठी सदस्य बोलायला उभा राहिला की तुकारामाचा अभंग केव्हाही येऊ शकतो. त्याचे वृत्तबद्ध भाषांतर कोणी मागत नाही, आशय मात्र जागच्या जागी पोचवावा लागतो. सचिवालयांतली कायम पदे जाहिरात आणि परीक्षेद्वारे भरली जातात, आणि लेखी परीक्षेबरोबर बोलण्याची व प्रत्यक्ष भाषांतराची चाचणी असते. परराष्ट्र मंत्रालयाकडेही दुभाष्यांची स्वतंत्र श्रेणी आहे.

महाराष्ट्रात दुभाष्यांना सर्वाधिक मागणी कारखान्यांतून येते. पुण्याभोवतीच्या चाकण, तळेगाव, रांजणगाव पट्ट्यात जर्मन आणि जपानी कंपन्या आहेत, आणि पुणे हे जपानी शिकणाऱ्यांचे देशातले एक मोठे केंद्र आहे. तिथले काम बहुतेक क्रमवार आणि कुजबुजीच्या पद्धतीचे. जपानी तज्ज्ञ लाईनवर फिरत सांगतो आणि दुभाषी मशीनच्या आवाजात सुपरवायझरला मराठीत समजावतो. इथे शब्दकोशातली मराठी कामाला येत नाही. जिग, फिक्स्चर, टॉलरन्स, रिजेक्शन हे शब्द कामगाराच्या तोंडी आहेत, ते तसेच ठेवायचे. कायझेन आणि पोका-योके तर जपानीतूनच थेट पुण्यात रुळले आहेत. जपानी भाषेच्या परीक्षेचे एन-५ ते एन-१ असे पाच स्तर आहेत आणि दुभाष्याच्या कामासाठी कंपन्या सहसा निदान एन-२ मागतात. पण प्रमाणपत्र वाचन आणि श्रवण तपासते, दुभाष्याचे कौशल्य नाही. कारखान्यातली चार-पाच वर्षे मात्र बूथसाठी उत्तम पाया घालतात, कारण तिथे विषय कळतो आणि भीड चेपते.

खाणाखुणांच्या भाषेतले दुभाषीकामही समकालिकच असते. हातांच्या भाषेचा आवाज वक्त्याच्या आवाजात मिसळत नाही, त्यामुळे बूथ लागत नाही. दुभाषी सर्वांसमोर, नीट उजेडात उभा राहतो. नवी दिल्लीत २०१५ मध्ये भारतीय सांकेतिक भाषेचे संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेतही या दुभाष्यांसाठी पदविका अभ्यासक्रम आहे. न्यायालये, रुग्णालये, महाविद्यालये, वृत्तवाहिन्या यांची गरज पाहता या शाखेत माणसे फारच अपुरी आहेत, आणि या गरजेचा संबंध थेट माणसांच्या हक्कांशी आहे.

परिषदांसाठी काम करणारे बहुसंख्य दुभाषी मात्र नोकरीत नसतात. ते दिवसाच्या दराने काम घेतात. हंगाम असतो तेव्हा ओळीने कामे, नसतो तेव्हा आठवडेच्या आठवडे रिकामे. दर ठरवताना कच्चा माणूस बूथमधल्या तासांचाच हिशेब करतो. प्रत्यक्षात एका दिवसाच्या परिषदेआधी तीन-चार दिवस तयारीत जातात: वक्त्यांची जुनी भाषणे ऐकायची, कार्यक्रमपत्रिका आणि सादरीकरणे मागवून घ्यायची, शंभर-दीडशे संज्ञांची द्विभाषिक यादी करायची. हृदयरोगतज्ज्ञांच्या परिषदेत सोमवारी आणि साखर कारखान्यांच्या परिषदेत गुरुवारी तितक्याच विश्वासाने बोलावे लागते. आयोजक कागद वेळेवर देत नाहीत ही जगभरची तक्रार आहे, आणि ते चिकाटीने मिळवणे हा कामाचाच भाग समजावा. एकट्याने पूर्ण दिवस काम करायला सांगणाऱ्याला नकार द्यावा. तो दुभाष्याच्या सोयीचा प्रश्न नाही; अर्ध्या तासानंतर चुका वाढतात आणि थकलेल्या माणसाला त्या स्वतःला कळतही नाहीत.

नीतीचे नियम थोडे पण कडक आहेत. ऐकलेले बाहेर सांगायचे नाही. वक्ता चुकीचे बोलला तर तेच चुकीचे बोलायचे, उद्धट बोलला तर तो उद्धटपणा सौम्य करायचा नाही. वक्ता ‘मी’ म्हणाला की दुभाषीही ‘मी’ म्हणतो, आणि स्वतःची चूक दुरुस्त करायची तेव्हाच स्वतःचा उल्लेख ‘दुभाषी’ असा करतो.

२०२० नंतर पुष्कळ काम इंटरनेटवरून होऊ लागले. घरबसल्या बूथ मिळाला, पण आवाज बिघडला. बूथच्या आंतरराष्ट्रीय मानकांनुसार दुभाष्याच्या कानापर्यंत १२५ ते १५,००० हर्ट्झचा आवाज पोचायला हवा. लॅपटॉपच्या माइकवरून येणारा दबलेला आवाज त्यापुढे फार तोकडा पडतो आणि तो समजून घेण्यातच शक्ती जाते. कानात शीळ वाजत राहणे, डोकेदुखी, ऐकू कमी येणे अशा तक्रारी कॅनडाच्या संसदेतल्या दुभाष्यांनी केल्या. २०२२ मध्ये युरोपीय संसदेतले दुभाषी याच कारणाने संपावर गेले. कान हे या व्यवसायाचे भांडवल आहे, ते पहिल्या दिवसापासून जपावे.

यंत्राचा प्रश्नही टाळण्यासारखा नाही. डिसेंबर २०२३ मध्ये वाराणसीच्या काशी तमिळ संगमममध्ये पंतप्रधानांच्या हिंदी भाषणाचे तमिळ भाषांतर ‘भाषिणी’ या सरकारी यंत्रणेने ऐकवले. तयार मजकूर स्पष्ट उच्चारात वाचला जातो तिथे यंत्र पुढे जाणार, आणि स्वस्तही पडणार. अर्धवट वाक्ये, उपरोध, बोलीतले हेल आणि ज्यांच्या एका शब्दावर करार किंवा शिक्षा अवलंबून आहे अशा जागा माणसाकडे राहतील, कारण तिथे चुकीची जबाबदारी घेणारे कोणीतरी लागते. सामान्य दर्जाच्या दुभाष्यासाठी दिवस कठीण आहेत, असे स्पष्ट सांगितलेले बरे.

म्हणूनच प्रशिक्षण महत्त्वाचे. जिनिव्हा विद्यापीठातली शाळा १९४१ पासून आणि पॅरिसची १९५७ पासून हे शिकवत आहे. भारतात दिल्लीचे जवाहरलाल नेहरू विद्यापीठ आणि हैदराबादचे इंग्रजी व विदेशी भाषा विद्यापीठ ही जाणकारांच्या नजरेतली नावे आहेत. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमधला परकीय भाषा विभाग आणि टिळक महाराष्ट्र विद्यापीठ इथे भाषेचा पाया होतो. पहिला सराव कोणालाही घरी करता येतो: भाषण ऐकत तेच शब्द त्याच भाषेत मागोमाग बोलत जायचे. ते जमले की तोच आशय त्याच भाषेत वेगळ्या शब्दांत. मग छापील मजकूर पाहता-पाहता दुसऱ्या भाषेत. त्यानंतर समकालिक. प्रत्येक वेळी ध्वनिमुद्रण करायचे आणि ते अनोळखी श्रोत्याच्या कानांनी पुन्हा ऐकायचे. अडखळणे, ‘म्हणजे’, ‘अं’, अर्धी सोडलेली वाक्ये तिथेच सापडतात.

उमेदवार परकीय भाषेवर वर्षे खर्च करतो आणि मराठी आपोआप येते असे धरून चालतो. बूथमध्ये श्रोता ऐकतो ती मात्र दुभाष्याची ए भाषा. वकिली, शेती, वैद्यक, अर्थकारण या सर्व विषयांवर न अडखळता, पूर्ण वाक्यांत मराठी बोलणारी तरुण माणसे शोधावी लागतात. मुंबई आणि पुण्याच्या विद्यापीठांनी बूथ उभारून, मराठी ही ए भाषा धरून, दोन वर्षांचा पूर्ण वेळ अभ्यासक्रम चालवावा. संसदेची दोन्ही सभागृहे, उद्योग, रुग्णालये आणि न्यायालये यांना त्यातून बाहेर पडणारी माणसे हवीच आहेत.